बसल्या जागी शुद्ध हरपते तेव्हा : सहकारनगरच्या काकांची केस

पेशंट ६७ वर्षांचे, बँकेतून रिटायर्ड, राहणार सहकारनगर. डायबेटिस नाही, बीपी थोडं बॉर्डरला पण गोळी नाही, सिगारेट-तंबाखू कधीच नाही, हार्ट अटॅक नाही, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं नाही. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, त्याचे थेंब चालू. रोज सकाळी पर्वती चढणार, १०३ पायऱ्या, मध्ये न थांबता. तक्रार एकच, १४ महिन्यांत तीनदा शुद्ध हरपून पडले. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात, केसचा गाभा तोच आहे.)

माझ्याकडे आले तेव्हा सोबत काकू, मुलगा आणि एक जाडजूड फाईल. फाईलमध्ये मेंदूचा एमआरआय, दोन ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख), मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, बी१२, डी३, थायरॉइड, सोडियम, कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मानेचे व्यायाम छापलेला एक कागद आणि या सगळ्याच्या तळाशी एक ईसीजी. म्हणजे डोकं, मान, कान सगळं तपासून झालेलं आणि हृदयाच्या वाट्याला एक चिटोरा. गोळ्या दोन, फिटची लेव्हेटिरॅसिटाम सकाळ-संध्याकाळ आणि चक्करेची बीटाहिस्टीन.

तीन वेळा नेमकं काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण निम्मं निदान तिथेच आहे.

पहिल्या वेळी पहाटे पाचच्या सुमाराला बाथरूमला गेले आणि धाडकन आवाज आला. काकू धावत गेल्या तर हे जमिनीवर, कपाळातून रक्त, पण शुद्धीवर, आणि 'अगं काही नाही, पाय घसरला' म्हणतायत. चार टाके पडले. पहाटे अंथरुणातून उठून उभ्याने लघवी करताना बीपी एकदम उतरून पुरुषांना भोवळ येते हे नेहमीचं आहे, त्यामुळे तेव्हा कोणी फार खोलात शिरलं नाही यात मला काही गैर वाटत नाही. फक्त पाय घसरल्याचं त्यांना आठवतंय का हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आठवत काहीच नाही हो डॉक्टर, पण जमिनीवर होतो म्हणजे घसरलोच असणार ना." साठीच्या पुढचा माणूस 'घसरलो' म्हणतो तेव्हा हा एक प्रश्न विचारायलाच हवा, कारण शुद्ध गेलेली ज्याची त्याला पुष्कळदा कळतच नाही.

दुसऱ्या वेळी, आठ महिन्यांनी, स्वारगेटहून कात्रजला जाणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये. खिडकीशी बसलेले, गर्दी नाही, ऊन नाही, पोटात नाश्ता व्यवस्थित. अचानक शेजारच्या माणसाच्या अंगावर कलंडले, हातांना झटके आले, डोळे वर गेले. बस बाजूला घेतली, कुणीतरी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा आहे का कांदा म्हणून ओरडलं, आणि तेवढ्यात हे सरळ होऊन 'कात्रज आलं का' विचारायला लागले. पण तोपर्यंत बसमध्ये 'फिट आली' हे ठरून गेलेलं, आणि तो शब्द काकांच्या सोबत कॅज्युअल्टीत गेला, तिथून केसपेपरवर, तिथून ईईजीच्या फॉर्मवर. ईईजीचा रिपोर्ट 'थोड्या मंद लहरी, लक्षणांशी पडताळून पाहावे' असा, जो या वयात निम्म्या लोकांचा काढला तरी निघू शकेल असं मला वाटतं, आणि त्यावर गोळी सुरू झाली.

तिसऱ्या वेळी गोळी चालू होती, एकही डोस चुकलेला नाही, आणि एरंडवण्यातल्या एका कार्यालयात भाचीच्या लग्नात हे परत झालं. मंगलाष्टकं चालू, काका तिसऱ्या रांगेत खुर्चीवर, हातात अक्षता. इथे नशीब असं की शूटिंगवाल्याचा कॅमेरा नेमका पाहुण्यांवरून फिरत होता. मी नेहमीप्रमाणे विचारलं की कोणी पाहिलं का, मोबाईलमध्ये काही आहे का, तर मुलाने दोन दिवसांनी ती क्लिप आणून दिली. एक एमआरआय, दोन ईईजी आणि एका डॉपलरने जे सांगितलं नव्हतं ते त्या पाऊण मिनिटाच्या क्लिपमध्ये दिसत होतं.

क्लिपमध्ये काका शेजाऱ्याशी काहीतरी बोलतायत. वाक्य अर्धवट राहतं. चेहरा पांढराफटक होतो, मान पुढे पडते, मूठ सुटून अक्षता मांडीवर सांडतात. त्यानंतर तीन-चार सेकंदांनी खांद्यांना आणि हातांना पाच-सहा झटके येतात, एका तालात नाही, वेडेवाकडे. डोळे उघडेच. मग झटके थांबतात आणि चेहरा पांढऱ्याचा एकदम लालबुंद होतो, काका डोळे मिचकावतात, इकडेतिकडे बघतात आणि खाली सांडलेल्या अक्षता गोळा करायला लागतात. मंगलाष्टकाचं एक कडवं पुरतं संपलेलंही नाही.

मिरगीची फिट अशी नसते. तिच्यात झटके आधी, किंवा शुद्ध जाता जाताच सुरू होतात, एका लयीत चालतात, मिनिट-दीड मिनिट टिकतात, चेहरा निळसर पडतो, जीभ कडेला चावली जाते, आणि मुख्य म्हणजे नंतर माणूस बराच वेळ भ्रमात असतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही, अंग दुखतं, झोप येते. अक्षता गोळा करणारा माणूस भ्रमात नव्हता. आणि झटक्यांचं म्हणाल तर मेंदूचं रक्त काही सेकंद थांबलं की कुणालाही झटके येऊ शकतात, मग रक्त थांबायचं कारण साधी भोवळ असो नाहीतर हृदय. कपड्यात लघवी झाली म्हणजे फिटच हाही असाच एक पक्का समज, ती दोन्हीत होऊ शकते.

पांढरा आणि मग लाल, हा रंगांचा क्रम फार जुना आहे. डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी, रॉबर्ट ॲडम्सने १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्सने १८४६ मध्ये, मंद नाडी आणि अशा झटक्यांचं वर्णन करून ठेवलंय, आजही आपण त्याला स्टोक्स-ॲडम्स अटॅकच म्हणतो. हृदय थांबतं, चेहऱ्याचं रक्त जातं, साधारण ८-१० सेकंदांत शुद्ध जाते, तोवर शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडून उघडलेल्या असतात, आणि हृदय परत चालू झालं की सगळं रक्त त्यांत एकदम घुसतं म्हणून चेहरा लाल. ईसीजी यंत्र यायच्या आधीच्या काळात ही माणसं नुसतं बघून आणि नाडी धरून हे लिहीत होती.

मग साधी भोवळ का नाही? ती येण्याआधी माणसाला कळतं. मळमळतं, घाम फुटतो, कानात गुणगुण, डोळ्यासमोर अंधारी, आणि ती शक्यतो उभं असताना येते, गणपतीच्या रांगेत, उन्हात, रक्त बघून, उपाशीपोटी. काकांना तिन्ही वेळा काहीच पूर्वसूचना नव्हती आणि दोनदा तर ते बसलेले होते. उभं राहिल्यावर बीपी पडतं का तेही बघितलं, पाच मिनिटं झोपवून १३८/८२, उभं करून एका मिनिटाला १३०/८०, तीन मिनिटांनी १३२/८२. वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं असतं तर वेगळा विचार केला असता. ही तपासणी फुकट आहे, बीपीचं मशीन आणि थोडा धीर लागतो, आणि तरी त्या जाड फाईलमध्ये ती कुठेही नव्हती.

व्यायाम करताना पडले का हा प्रश्न मी मुद्दाम तीनदा विचारला. जिना चढताना, धावताना शुद्ध जात असेल तर हृदयाची झडप अरुंद झालीय का, स्नायू जाड झालाय का, किंवा खालच्या कप्प्यातून धोकादायक वेगाचे ठोके सुटतायत का हे तातडीने बघावं लागतं. पर्वतीवर कधीच काही झालं नव्हतं. स्टेथोस्कोपने कुरकुर नाही, इको नॉर्मल, पंपिंग ६० टक्के.

आता तो तळाचा ईसीजी. मशीनने वर छापलेलं, उजवी बंडल बंद, डावीची पुढची शाखा बंद. त्याच्या शेजारी कुणीतरी पेनने 'वयोमानानुसार' लिहून ठेवलेलं. मी नवीन काढला, तेच. क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यात करंट पसरायचा वेळ, १४२ मिलिसेकंद, लांबलेला; पीआर, म्हणजे वरून खाली पोचायचा वेळ, १९०, नॉर्मल.

हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला करंट मधल्या गाठीतून खाली येतो आणि पुढे त्याला तीन रस्ते असतात, उजवी बंडल, डावीची पुढची शाखा आणि डावीची मागची शाखा. काकांचे त्यातले दोन बंद. मिरवणुकीसाठी तीनपैकी दोन रस्ते बंद आणि सगळी वाहतूक उरलेल्या एकावर, तसं. चालू असतं तोवर कुणाला काही कळत नाही, नाडी नॉर्मल, पर्वती चढता येते. तिसरा रस्ता काही सेकंद जरी अडला तर वरून निघालेला एकही ठोका खाली पोचत नाही. ज्याला कधी चक्कर आलेली नाही अशा माणसाच्या ईसीजीत हे दोन ब्लॉक दिसले तर 'वयोमानानुसार' लिहून वर्षाने या म्हणणं ठीक आहे. जो माणूस बसल्या जागी तीनदा कोसळलाय त्याच्या ईसीजीवर तो शब्द चालत नाही, कागद तोच असला तरी.

इथे मुलाने विचारलं, "म्हणजे ब्लॉकेज आहे ना, अँजिओग्राफी करून टाकू का?" जवळपास प्रत्येक घरात हे विचारतात. हा ब्लॉक करंटच्या वायरिंगचा, रक्तवाहिनीचा नाही. छातीत दुखत नाही, पंपिंग उत्तम, पर्वती चढताना दम लागत नाही, अशा माणसाची अँजिओग्राफी करून या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं, आणि कुठेतरी ४० टक्क्यांचा अडथळा सापडून भलतीच गाडी सुटली असती ती वेगळी.

एक संशयित अजून होता, डोळ्यांचे थेंब. काचबिंदूसाठी काका टिमोलॉल घालत होते, ते बीटा ब्लॉकर आहे, डोळ्यात घातलं तरी अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतं आणि तिथून थेट रक्तात जातं, लिव्हरमधून गाळून जायचा प्रश्नच नाही. नाडी मंद होणं, चक्कर, दमा उसळणं हे सगळं या दोन थेंबांनी होऊ शकतं. आणि 'कुठली औषधं चालू आहेत' या प्रश्नाला थेंब कुणी सांगत नाही, औषध म्हणजे गोळी अशी आपली समजूत. डोळ्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून टिमोलॉल बंद करून लॅटानोप्रोस्ट सुरू केलं. पण मला ते कारण पुरेसं वाटत नव्हतं, कारण बीटा ब्लॉकर मुख्यतः वरची गाठ (जिथून ठोका निघतो) आणि मधली गाठ मंद करतं, काकांचा बिघाड त्याच्या खाली, बंडलमध्ये दिसत होता. त्यामुळे थेंब बदलून महिनाभर बघू असं न करता पुढच्या तपासण्या चालूच ठेवल्या.

२४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपत राहणारं अंगावरचं यंत्र, लावला. नॉर्मल. दोन-चार जादा ठोके, रात्री नाडी ५२, संपलं. घरचे खूश, 'हृदय क्लिअर आहे'. मी त्यांच्यासमोर कागदावर साधं गणित मांडलं, १४ महिने म्हणजे साधारण ४२५ दिवस, त्यात तीन प्रसंग, मग कुठल्याही एका दिवशी मशीन लावून ते सापडायची शक्यता शंभरात एक सुद्धा नाही. होल्टर चांगलंच यंत्र आहे (मोंटानातल्या नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाने केलेलं पहिलं रूप पाठीवर वाहून न्यायचं ३८-३९ किलोचं धूड होतं, आता ते काडेपेटीएवढं झालंय) पण ज्याला रोज किंवा एकाआड एक दिवस त्रास होतो त्याच्यासाठी. महिनोन्महिने गप्प बसणाऱ्या आजारात नॉर्मल होल्टरने हृदय निर्दोष ठरत नाही. मुलाने स्मार्टवॉचचं विचारलं. घड्याळाच्या ईसीजीला ३० सेकंद दुसऱ्या हाताचं बोट टेकवून शांत बसावं लागतं, आणि शुद्ध गेलेला माणूस ते करत नाही.

मग त्यांना इलेक्ट्रोफिजिऑलॉजीवाल्या, म्हणजे हृदयाच्या करंटचं काम बघणाऱ्या, कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं. मानेतल्या कॅरोटिड धमनीजवळ दाबून बघण्याची तपासणी झाली, आधी त्या धमनीत स्टेथोस्कोपने आवाज येत नाही याची खात्री करून आणि मॉनिटर लावून, ठोका थांबला नाही. (घरी कुणी करू नये, मानेतल्या धमनीत चरबीचा थर असेल तर पक्षाघाताची जोखीम असते.) मग ईपी स्टडी, जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी हृदयात नेऊन करंट प्रत्यक्ष मोजायचा. वरची गाठ ठीक, खालच्या कप्प्याला मुद्दाम डिवचून धोकादायक वेगवान ठोके सुरू होतात का तेही बघितलं, झाले नाहीत. महत्त्वाचा आकडा एचव्ही, म्हणजे मधल्या हिस बंडलपासून स्नायूपर्यंत करंट पोचायचा वेळ. नॉर्मल ३५ ते ५५ मिलिसेकंद. शुद्ध हरपण्याची हिस्टरी आणि दोन शाखा बंद असताना ७० किंवा त्याहून जास्त निघाला तर युरोपियन गाईडलाइन सरळ पेसमेकर सांगते. काकांचा आला ६१. धड नॉर्मल नाही, धड पेसमेकरएवढा नाही.

इथे फाटा फुटतो आणि दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. एक बाजू म्हणते की संशय पुरेसा आहे, पेसमेकर बसवून मोकळे व्हा. दुसरी म्हणते की पुराव्याशिवाय माणसाच्या छातीत जन्मभराचं यंत्र आणि हृदयात दोन वायरी घालू नका, इन्फेक्शन, वायर हलणं, पुढे बॅटरी बदलणं हे सगळं त्याच्यासोबत येतं, आणि चक्कर दुसऱ्याच कारणाची निघाली तर यंत्र बसूनही माणूस पडतच राहणार. ईपी स्टडी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं मात्र कुणीच म्हणत नाही. ब्रिन्योले या इटालियन हृदयरोगतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बंडल ब्लॉक असलेले, शुद्ध हरपणारे, आणि ईपी स्टडी निगेटिव्ह आलेले ५२ पेशंट घेऊन त्यांच्या त्वचेखाली रेकॉर्डर ठेवले होते. १९ जणांचा पुढचा प्रसंग रेकॉर्ड झाला आणि त्यातल्या १७ जणांचं हृदय त्या वेळी लांब थांबलेलं सापडलं, बहुतेकांचं करंट खाली न पोचल्यामुळे. ही तपासणी चकवा देऊ शकते ती अशी.

काकांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. ते बँकेतले, "व्हाउचर असल्याशिवाय एंट्री नको" म्हणाले. मग लूप रेकॉर्डर ठरला. पेनड्राइव्हपेक्षा बारीक पट्टी, छातीच्या डाव्या बाजूला जागा बधिर करून त्वचेखाली सरकवतात, काही मिनिटांचं काम, बॅटरी सुमारे तीन वर्षं. ठोका ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर आपोआप साठवते, शिवाय चक्कर येऊन गेल्यावर बटण दाबून आधीची काही मिनिटंही जपता येतात. महाग आहे, आणि इन्शुरन्सने 'होल्टर नॉर्मल असताना याची गरज काय' म्हणून क्वेरी काढली, ते उत्तर लिहिण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

रेकॉर्डर बसला म्हणून उपचार झाला असं नाही, तो नुसता बघत बसतो. त्यामुळे मधल्या काळाचे नियम कडक. स्कूटरची किल्ली मुलाकडे. (लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अचानक शुद्ध हरपते का हा प्रश्न असतो, तो उगाच नाही.) बाथरूमची कडी लावायची नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं नाही. पर्वती बंद, सारसबागेत सपाटीवर चालणं, तेही कुणालातरी सोबत घेऊन. काकांनी फक्त पर्वतीवरून वाद घातला.

घरच्यांना पडल्यावर काय करायचं तेही सांगितलं. आडवंच ठेवायचं, उठवून खुर्चीत बसवायचं नाही, आपल्याकडे चार जण धरून बसवतात आणि त्याने मेंदूकडे जाणारं रक्त अजून कमी होतं. पाय वर उचलायचे. तोंडात पाणी, साखर, चमचा काही घालायचं नाही, कांदा-चप्पल-किल्लीचा काही उपयोग नाही. मानेवर बोटं ठेवून नाडी बघायची, मोबाईलवर वेळ बघायची. उठला नाही, श्वास नीट नाही, नाडी लागत नाही, तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि १०८ ला फोन. काकूंनी मानेवरची नाडी माझ्यासमोर स्वतःच्या आणि काकांच्या मानेवर पाच-सहा वेळा शोधून बघितली.

सात आठवडे काही नाही. मग एका रविवारी जेवण झाल्यावर काका दिवाणावर पेपर वाचत बसलेले आणि पेपरासकट आडवे झाले. काकू समोरच. त्यांनी आधी मानेवर बोटं ठेवली आणि नंतर मला सांगितलं ते असं, "काही लागेचना हो डॉक्टर, मला वाटलं मीच चुकीच्या जागी शोधतेय, मुलाला हाक मारली आणि तेवढ्यात धपकन एक ठोका लागला." मुलाने बटण दाबलं. संध्याकाळी काका मॉनिटरवर ॲडमिट होते आणि रेकॉर्डिंग आमच्यासमोर.

पट्टी वाचायला सोपी होती. नाडी ७८, सगळं सुरळीत. मग खालच्या कप्प्यातून एक जादा ठोका. त्याच्यानंतर वरच्या कप्प्याच्या पी लहरी येतायत, एक, दोन, तीन, चार, आणि त्यांच्या मागे काहीच नाही. अशा चौदा-पंधरा पी लहरी, ११ सेकंद, खालचा कप्पा पूर्ण गप्प. मग दोन रुंद, मंद ठोके, आणि मग जसं काही झालंच नाही असं परत ७८.

त्या ११ सेकंदांत पी लहरींचा वेग कमी झालेला नव्हता, उलट शेवटी थोडा वाढलेला होता. साध्या भोवळीत वेगस नर्व्ह सगळ्यालाच ब्रेक लावते, त्यामुळे ठोका तुटायच्या आधी वरचा वेगही मंदावत जातो. इथे वरची गाठ व्यवस्थित काम करत होती, खाली जाणारा शेवटचा रस्ता तुटला होता, आणि तो एका जादा ठोक्याने तुटला, आजारी बंडलचं हे ठरलेलं वागणं आहे. टिमोलॉल तर कधीच बंद झालं होतं. म्हणजे थेंबांवरचा उरलासुरला संशयही गेला.

दुसऱ्या दिवशी डाव्या कॉलरबोनखाली दोन वायरींचा पेसमेकर बसला, त्याच वेळी लूप रेकॉर्डर काढून घेतला. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या माणसाला जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर लावला तोही याच स्टोक्स-ॲडम्स अटॅकसाठी, ते पहिलं यंत्र काही तासच चाललं, पण पुढे एकामागून एक यंत्रं बदलत तो २००१ पर्यंत जगला. काकांना ही गोष्ट फार आवडली, वॉर्डात येईल त्याला सांगत होते.

फिटची गोळी न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने काही आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद केली, अशी गोळी एका दिवसात तोडायची नसते. बीटाहिस्टीन मात्र मी त्याच दिवशी काढून टाकली. डावा हात महिनाभर खांद्याच्या वर नेऊ नका सांगितलं होतं, वायर घट्ट बसायला वेळ लागतो, तर काकूंची तक्रार की काकांनी केस विंचरणंही सोडलंय. उलटंही करू नये, खांदा अगदीच न हलवता ठेवला तर आखडतो. मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात नको, इंडक्शनच्या शेगडीवर ओणवून उभं राहायचं नाही, मेट्रोच्या सिक्युरिटी गेटमधून नेहमीसारखं चालत जायचं पण तिथे रेंगाळायचं नाही, कार्ड कायम पाकिटात. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांची भीती बाळगायचं कारण नाही.

तीन महिन्यांनी यंत्र तपासलं तर खालच्या कप्प्याला पेसमेकरने स्वतः दिलेले ठोके एक टक्क्यापेक्षाही कमी. काकूंनी रिपोर्ट बघून विचारलं, "म्हणजे बाकी सगळा वेळ ते नुसतंच बसून आहे? मग एवढा खर्च?" या आजारात हे असंच असतं, रस्ता बहुतेक वेळ चालूच असतो, यंत्र त्या ११ सेकंदांसाठी बसवलेलं आहे. त्या रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी लागोपाठ काही ठोके यंत्राने दिल्याची नोंद होती, एकदा रात्री आणि एकदा भर दुपारी. काकांना त्या दोन्ही वेळचं काहीही आठवत नव्हतं, दुपारचं तर ते म्हणाले की मी तेव्हा मंडईत तोंडली निवडत असणार.

आता मागे वळून कोणी विचारलं की लूप रेकॉर्डरच्या ऐवजी सरळ पेसमेकर बसवायला हवा होता का, तर काकांच्या बाबतीत माझं उत्तर नाही असंच आहे. ते धडधाकट होते, घरात कायम माणूस होता, नियम पाळणारे होते आणि पुरावा त्यांना स्वतःलाच हवा होता. हेच ८२ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, हाडं ठिसूळ झालेल्या आजी असत्या तर मी पुढच्या पडण्याची वाट बघत बसलो नसतो, तो पुरावा खुब्याच्या फ्रॅक्चरसोबत आला असता. अशा निवडक म्हाताऱ्या पेशंटमध्ये थेट पेसमेकरचा विचार करायला गाईडलाइनमध्येही जागा ठेवलेली आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मध्ये विचारलं होतं की आता पेसमेकर आहे तर टिमोलॉल परत सुरू करायला हरकत नाही ना. हरकत नव्हती, नाडी मंद झाली तर यंत्र सांभाळेल. पण लॅटानोप्रोस्टवर डोळ्याचं प्रेशर छान राहिलंय म्हणून ते तसंच ठेवलं. स्कूटर परत चालू झाली, पर्वतीही, फक्त काकू आता खाली पायथ्याशी थांबत नाहीत, सोबत चढतात आणि त्यांना दम लागतो म्हणून काकांना मध्ये दोनदा थांबावं लागतं. पुढचं चेकिंग सहा महिन्यांनी.